कंदिलाची वात : एका रहस्यकादंबरीचा प्रकरण अभ्यास

हस्तलिखिताच्या शेवटून दुसऱ्या प्रकरणात नायक उभा राहतो, कोट सारखा करतो आणि सत्र न्यायाधीशांना सांगतो, "साहेब, त्या रात्री पेवाच्या तोंडाशी असलेल्या कंदिलाची काच मी हातानं चाचपली होती. ती कोमट होती." कोर्टात शांतता पसरते. आरोपी सुटतो.

त्या पानाच्या समासात मी पेन्सिलीनं लिहिलं : सर, हे होऊच शकत नाही.

हे सर म्हणजे मला शाळेत मराठी शिकवणारे शिक्षक. निवृत्तीनंतर सहा वर्षं त्यांनी ही कादंबरी लिहिली आणि छापायला देण्याआधी मला वाचायला दिली. मी सांगलीत फौजदारी बाजूची वकिली करते. मला वाटलं होतं, चार-दोन कलमांचे आकडे दुरुस्त करून द्यायचे आहेत. पुढचे आठ महिने आम्ही त्या एका कंदिलाभोवती फिरत राहिलो. कादंबरी अजून छापलेली नाही, म्हणून तिच्यातली नावं इथे देत नाही. काय बिघडलं होतं आणि ते कसं उलगडत गेलं, ते मात्र सरांच्या परवानगीनं सविस्तर लिहिते आहे, कारण पोलीस सोडून वकील झालेला नायक घेऊन लिहू पाहणारे सर एकटे नसणार.

गोष्ट अशी. २००४ साली, दिवाळीच्या आधी, सांगलीजवळच्या हरिपुरात हळदीच्या एका पेवात, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खोल खड्ड्यात, एक व्यापारी मरून पडलेला सापडतो. खाली उतरला आणि गुदमरला. कादंबरीचा नायक तेव्हा फौजदार आहे. तो पंचनामा करतो, अकस्मात मयत म्हणून नोंद होते, कागद वर जातात आणि फाईल बंद होते. २०१० मध्ये नायक नोकरीचा राजीनामा देतो, वकील होतो. २०२२ मध्ये मयताची मुलगी फिर्याद देते की माझ्या वडिलांना काकांनी मारलं. खुनाला मुदतीचा कायदा आड येत नाही, त्यामुळे गुन्हा दाखल होतो, धाकट्या भावाला अटक होते. तो भाऊ थेट आपल्या नायकाच्या ऑफिसात निरोप पाठवतो : तुम्हीच तेव्हा आला होता, तुम्हालाच खरं माहीत आहे, माझं वकीलपत्र घ्या. नायक घेतो.

वाचायला हे फार चांगलं लागतं. माणूस एकच, घटना एकच, मध्ये अठरा वर्षं आणि अंगावरचा पोशाख बदललेला. सरांना नेमकं हेच हवं होतं. पण बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांमधला १३ वा नियम इथेच वाट अडवतो. ज्या खटल्यात आपण साक्षीदार होणार असं मानायला कारण आहे, तो खटला वकिलानं घेऊ नये. घेतल्यानंतर लक्षात आलं की महत्त्वाच्या मुद्द्यावर आपली साक्ष लागणार आहे, तर पक्षकाराचं नुकसान न करता बाहेर पडता येत असेल तेव्हा बाहेर पडावं. प्रेताचा पंचनामा ज्यानं केला तो माणूस साक्षीदारांच्या यादीत येणार, यात शंकेला जागा नाही.

आणि युक्तिवादात "मला आठवतं" हे शब्द वकिलाच्या तोंडी शोभत नाहीत. वकील जे बोलतो तो पुरावा नसतो. पुरावा द्यायचा तर पिंजऱ्यात जाऊन शपथ घ्यावी लागते, सरतपासात आपल्या बाजूच्या वकिलाच्या प्रश्नांना उत्तरं द्यावी लागतात आणि समोरच्याच्या उलटतपासाला तोंड द्यावं लागतं.

सर चिडले. "अगं, पण त्याला माहितीय ना! डोळ्यांनी बघितलंय त्यानं!"

"त्याला माहीत आहे सर, कोर्टाला नाही."

सरांनी त्यावर काही उत्तर दिलं नाही. चार दिवसांनी फोन करून म्हणाले, "तुझं ते वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. पण कादंबरी मोडली माझी." मला वाईट वाटलं. सहा वर्षांचं काम होतं ते.

बाकीच्या दुरुस्त्या पटकन सांगते, त्या सगळ्या एका बैठकीत झाल्या. सरांनी आरोप भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ खाली लावला होता. ती संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. कृत्य २००४ चं, म्हणजे भारतीय दंड संहितेचं कलम ३०२ च लागणार. तपासही त्या तारखेच्या आधीच सुरू झालेला, त्यामुळे फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदाही जुनेच. दुसरं, चार महिने झाले तरी दोषारोपपत्र नाही आणि आरोपी आत, असं त्यांनी दाखवलं होतं. खुनाच्या गुन्ह्यात ९० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, आणि माजी फौजदार असलेला वकील तो दिवस बोटावर मोजत बसणार. तिसरं, नायक फौजदार असतानाच रात्री अभ्यास करून वकील होतो आणि राजीनाम्याच्या दुसऱ्या दिवशी कोर्टात उभा राहतो. तीन वर्षांच्या एलएलबीला वर्गात हजेरी लागते, पगारी नोकरीत असताना वकिलीची सनद मिळत नाही, आणि २०१० पासून अखिल भारतीय बार परीक्षाही आली. सरांनी मध्ये तीन-चार वर्षं घातली. त्या वर्षांत नायक आपल्याहून वीस वर्षांनी लहान मुलांबरोबर बाकावर बसतो, ते पान आता कादंबरीतल्या सर्वांत चांगल्या पानांपैकी आहे.

मग कंदील.

मला त्या कोमट काचेचा संशय पहिल्यापासून होता. मयताला वर काढलं, कुणीतरी ठाण्याला कळवलं, फौजदार पोचले, यात दीड-दोन तास सहज जाणार. माझ्या आईकडे माळ्यावर जुना कंदील होता. तो उतरवला, रॉकेल मिळवलं, अर्धा तास पेटत ठेवला, विझवला आणि घड्याळ लावून काचेला हात लावत बसले. पंधरा मिनिटांत काच गार. सरांचा सगळा निकाल त्या काचेवर उभा होता.

पण विझवताना माझ्या हातानं एक गोष्ट केली, ती तेव्हा माझ्या लक्षात आली नाही. ती कळली हरिपुरात.

ज्यांनी पेव पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. कृष्णा आणि वारणेच्या संगमाजवळच्या हरिपूरची आणि सांगलीवाडीची माती अशी घट्ट, की तिच्यात खोल खड्डे खणून हळद साठवायची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. तोंड अरुंद, एक माणूस कसाबसा उतरेल एवढं. आत पोट मोठं. भिंती सारवायच्या, पाला आणि चटया लावायच्या, हळद भरायची आणि तोंड बंद करून वर माती लोटायची. आत कीड लागत नाही, रंग टिकतो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या नावामागे या खड्ड्यांचाही वाटा आहे. २००५ च्या महापुरात पाणी शिरून बरीच पेवं गेली. सरांनी घटना २००४ मध्ये ठेवली ती याचसाठी. अठरा वर्षांनी तपास होईल तेव्हा घटनास्थळच शिल्लक नसेल. हे त्यांचं डोकं मला फार आवडलं.

पेवात कीड जगत नाही, कारण आत हवाच उरत नाही. कोंडलेला माल हवेतला ऑक्सिजन खातो आणि जड कार्बन डायऑक्साइड तळाला साचतो. म्हणून पेव उघडलं की काही तास तसंच ठेवायचं आणि उतरण्याआधी कंदील सोडून बघायचा. उघड्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. तो साधारण १६-१७ टक्क्यांपर्यंत उतरला की ज्योत विझते. माणूस त्याच्याही खाली थोडा वेळ तग धरतो. म्हणजे माणसाच्या आधी कंदील मरतो, आणि तीच त्याची उपयोगिता.

आम्ही दोघं एका जुन्या हमालाकडे गेलो. वय पंच्याहत्तरच्या पुढं, सगळं आयुष्य पेवात उतरण्यात गेलेलं. सगळे त्यांना तात्या म्हणतात. सरांनी पाचवं प्रकरण वाचून दाखवलं. तात्या डोळे मिटून ऐकत होते. कंदिलाचा उल्लेख आला तसे म्हणाले, "वात कुटं हुती?"

सरांना कळलं नाही.

"कंदिलाची वात, मास्तर. वर हुती का खाली?"

मग त्यांनी सुनेला हाक मारून घरातला कंदील मागवला. किल्ली फिरवून वात खाली घेतली आणि वरनं फुंकर मारल्यासारखं केलं. "मानसानं इझवला की असा इझवतो. वात खाली येती. पेवात मेलेला कंदील न्यारा. ज्योत आदी तांबडी हुती, मग बसती. वात हाय तितंच ऱ्हाती, वर. त्यो वर वडून घेतला की किल्लीला हात लावायच्या आदी आमी बगायचो. वात वर, आन् कडीला दोरी. म्हंजे खाली हवा न्हाई. उतरायचं न्हाई. बास."

माझ्या घरी मी काय केलं होतं ते मला त्या क्षणी आठवलं. मीही किल्ली फिरवून वात खाली घेतली होती. न सांगता, न शिकता.

परतताना रिक्षात सर काही बोलले नाहीत. मीच म्हणाले, काच काढून टाका आणि वात ठेवा. फौजदारानं त्या रात्री पाहिलं, कंदिलाच्या कडीला दोरी बांधलेली आहे, टाकीत रॉकेल आहे, वात वर चढलेली आहे. ते किती तासांनी पाहिलं यानं काही फरक पडत नाही. वात गार होत नाही.

"आणि पंचनाम्यात?"

"पंचनाम्यात फक्त एवढंच : 'कंदील एक, जुना वापरता, दोरीसह.'"

हे मी कल्पनेनं सांगितलं नाही. असे पंचनामे मी शेकड्यांनी वाचले आहेत. 'जुना वापरता' या दोन शब्दांत वस्तूची सगळी हकीकत गडप होते. लिहिणाऱ्या अंमलदाराला रात्रीचे दोन वाजलेले असतात, पंच घरी जायची घाई करत असतात, अपघात आहे हे सगळ्यांनी आधीच ठरवलेलं असतं. कुणी लबाडी केलेली नसते. आणि वर्षांनंतर एक माणूस सुटेल की जन्मठेप भोगेल, ते त्या न लिहिलेल्या चार शब्दांवर येऊन ठेपतं. पोलिसातून वकील झालेल्या माणसाचं खरं दुःख मला इथे दिसतं. वकील म्हणून तो रोज दुसऱ्यांच्या पंचनाम्यांतल्या अशा फटी शोधून त्यांत बोट घालतो. या खटल्यात ती फट त्याच्या स्वतःच्या अक्षरात आहे.

आता खरा पेच. सरांच्या मूळ मांडणीत कंदील आरोपीला वाचवत होता. कंदील पेटवला होता, म्हणजे खबरदारी घेतली होती, म्हणजे अपघात. पण तात्यांची वात लावली की सगळं फिरतं. कंदील पेवात सोडला गेला होता आणि आत विझला होता, म्हणजे दोरी धरणाऱ्याला कळलं होतं की खाली हवा नाही. मयत हा पंचवीस वर्षं हळदीच्या धंद्यातला माणूस. विझलेला कंदील पाहून तो उतरेल कशाला? एक तर त्यानं तो पाहिलाच नाही, आणि "हवा हाय, उतरा" असं त्याला कुणीतरी सांगितलं. किंवा आत आधीच कुणी पडलं होतं आणि त्याला काढायला हा धावला. बंदिस्त जागेतल्या अपघातात असा दुसरा जीव जाणं नवीन नाही. ज्या आठवणीच्या जोरावर नायक आपल्या पक्षकाराला सोडवू पाहत होता, तीच आठवण त्याच्या गळ्याला फास लावते.

मी हस्तलिखित पुन्हा पहिल्यापासून वाचलं, आणि तिसऱ्या प्रकरणात थबकले. तुरुंगातल्या भेटीत आरोपी रडत नायकाला सांगतो, "दोरी माझ्याच हातात होती, साहेब. मोठा भाऊ होता माझा."

सरांनी हे वाक्य भावाचं दुःख दाखवायला लिहिलं होतं. सहा वर्षं ते तिथेच पडून होतं. मी सरांना फोन करून पान सांगितलं. पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला, आणि मग बराच वेळ काहीच नाही.

इथून कादंबरी पुन्हा उभी राहिली. नायकाला दोन गोष्टी माहीत आहेत. वात वर होती, हे त्यानं पोलीस म्हणून पाहिलं. दोरी कुणाच्या हातात होती, हे त्यानं वकील म्हणून ऐकलं. पहिली गोष्ट साक्षीला बोलावल्यावर त्याला सांगावीच लागेल, कारण ती वकीलपत्राच्या कितीतरी आधीची. दुसरी गोष्ट पुरावा कायद्याच्या कलम १२६ खाली बंद आहे. पक्षकारानं वकिलाला त्या नात्यानं सांगितलेलं, पक्षकाराच्या स्पष्ट संमतीशिवाय वकिलाला उघड करता येत नाही. काम संपल्यावर, वकीलपत्र सोडल्यावरही ते बंधन सुटत नाही. नव्या भारतीय साक्ष अधिनियमात हेच कलम १३२ मध्ये आलं आहे. एकटी वात कुणाला दोषी ठरवत नाही. वात आणि दोरी मिळून गोष्ट पूर्ण होते, आणि ती जोडणी करू शकणारा माणूस एकच आहे.

सरांनी मधली पंधरा प्रकरणं नव्यानं लिहिली. नायक वकीलपत्र घेतो ते त्यांनी तसंच ठेवलं. मी भांडले, की त्यानं पहिल्याच भेटीत नाही म्हणायला हवं, नियम त्याला तोंडपाठ असणार. सर म्हणाले, "त्याला ते प्रकरण हवं होतं गं. अठरा वर्षं त्याला ती रात्र खुपतेय. माणूस अशा वेळी नियम विसरत नाही, बाजूला ठेवतो." मला हे आजही पूर्ण पटलेलं नाही. पण ते कादंबरीकार आहेत, आणि त्यांच्या माणसाला ते माझ्यापेक्षा जास्त ओळखतात. आता तो दोषारोपपत्राची नक्कल घेतो, कोर्टाच्या व्हरांड्यात उभ्या उभ्या साक्षीदारांची यादी चाळतो आणि नवव्या क्रमांकावर स्वतःचं नाव वाचतो. त्याच दुपारी तो वकीलपत्रातून निवृत्त होण्याची पुरसीस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, देतो.

पुढचं वकीलपत्र सरांनी आधी नायकाच्याच ज्युनिअरला दिलं होतं. ते मी बदलायला लावलं. एकाच ऑफिसात बसणाऱ्या मुलीनं आपल्या सीनिअरचा उलटतपास घ्यायचा, हे कुठल्याच पक्षकारासाठी बरं नाही. आता मिरजेची एक वकीलबाई आहे, नायकाशी ओळख नसलेली, कामात कडक.

उलटतपासाचं प्रकरण लिहिण्याआधी सर दोन दिवस सांगलीतल्या विजयनगरच्या कोर्टात येऊन मागच्या बाकावर बसले. त्यांना वाटायचं, उलटतपास म्हणजे आवाज चढवणं. त्यांनी पाहिलं ते वेगळंच होतं. वकील हळू बोलतात, प्रश्न लहान असतात, प्रत्येक उत्तरानंतर ते टंकून होईपर्यंत सगळे थांबतात. त्या थांबण्यात साक्षीदाराला घाम फुटतो. सरांनी ते थांबणं बरोबर उचललं. नव्या प्रकरणातला हा तुकडा त्यांच्या परवानगीनं देते :

"पंचनामा तुमच्या अक्षरात आहे?"

"होय."

"त्यात कंदिलाची वात वर होती असं लिहिलेलं नाही."

"नाही."

"टाकीत रॉकेल होतं असंही नाही."

"नाही."

"पंचांनी सह्या घटनास्थळी केल्या की सकाळी ठाण्यात?"

इथे साक्षीदार थांबतो. ठाण्यात, हे खरं उत्तर आहे. ते दिलं तर त्याचा पंचनामा मोडतो, आणि पंचनाम्याबरोबर त्याच्या वातीवरचा विश्वासही. ते नाही दिलं तर शपथेवर खोटं. तो म्हणतो, "सकाळी. ठाण्यात." लिहून घेणारा मान वर करून एकदा त्याच्याकडे पाहतो आणि पुन्हा टंकू लागतो.

पंचनामा स्वतः पुरावा नसतो, साक्षीदाराला आठवण द्यायला आणि त्याच्या साक्षीला दुजोरा द्यायला तो वापरतात. त्यामुळे नायकाची तोंडी साक्ष कायद्यानं उभी राहते. वजन किती द्यायचं हे न्यायाधीशांच्या हातात. मिरजेच्या वकीलबाई ते वजन एकेक चिमूट कमी करत नेतात, आणि आत आधी एक मजूर पडला होता, त्याला काढायला मयत उतरला, हा बचाव नायकासमोर ठेवतात. तो "मला माहीत नाही" म्हणतो, आणि ते खरंच आहे.

मग फेरतपासाला, म्हणजे उलटतपासानंतर पुन्हा प्रश्न विचारायला, सरकारी वकील उठतात आणि विचारतात, दोरी त्या वेळी कुणाच्या हातात होती हे तुम्हाला माहीत आहे काय. वकीलबाई हरकत घेतात. न्यायाधीश प्रश्न नामंजूर करतात, कारण उलटतपासात दोरीचा विषय निघालेला नव्हता. मयताची मुलगी समोरच्या बाकावर बसलेली आहे. नायक तिच्याकडे पाहतो आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून उतरतो.

निकाल काय लागतो ते इथे लिहिणार नाही, वाचकाचा तो हक्क आहे. पण हस्तलिखिताच्या शेवटच्या पानावर सरांनी एक प्रसंग वाढवला. पुराआधीच कुटुंबाला ताबापावतीवर परत दिलेला तो कंदील मुलीच्या घरी माळ्यावर असतो. नायक तो हातात घेतो. कुणीतरी कधीतरी पुसून ठेवलेला, काच लख्ख, वात पूर्ण खाली. तो किल्लीवर बोट ठेवतो आणि फिरवत नाही.

समासात मी यावेळी काही लिहिलं नाही. हस्तलिखित परत द्यायला गेले तेव्हा सरांनी ते पान आधी उघडून पाहिलं, आणि मग मला चहाला बसवलं.